साहेबाची बावीसची सूट

मी चौथीपर्यंत शिकलो. आकडे येतात, सही येते, बाकी लिहिणं अडखळतच. पण हल्ली दिवस फार लांब झालेत. बायकोला जाऊन सव्वा वर्ष झालं. सकाळी एका कपाचा चहा करायचा, एकच भांडं घासायचं, मग दुपारपर्यंत काही नाही. मुलगी अल्लीपूरला दिलेली आहे, ती म्हणते इकडे या. मी जात नाही. तिच्या घरी मी पाहुणा, इथं निदान माझी खाट माझी आहे.

बायकोबद्दल लिहावं म्हणून वही आणली. पण तिच्याबद्दल सरळ लिहायला गेलं की हात थांबतो. म्हणून गोल्फाबद्दल लिहितो. त्यात ती येईलच.

सिंदीला गोल्फ होतं म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. रेल्वेच्या पलीकडं, कापसाच्या जिनिंगच्या मागं, इंग्रजांच्या वेळचं नऊ भोकांचं मैदान होतं. गवत नावाला नाही. सगळी काळी माती, तरोटा आणि बोरीची झुडपं. पावसाळ्यात तिथं बैल पोटापर्यंत फसायचा, म्हणून खेळ दिवाळीनंतर सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. तोपर्यंत जमिनीला भेगा पडायच्या, त्यात चेंडू गेला की गेला. भोक म्हणजे तुपाचा डबा कापून जमिनीत पुरलेला. त्याच्याभोवती चार खाटा मावतील एवढ्या जागेत वाळू, इंजिनाचं जळकं तेल मिसळून दाबून बसवलेली. त्याला ब्राऊन म्हणत. तिथं चेंडू सपाट लोटायचा असतो.

मी त्या मैदानाचा माळी. माळी म्हणजे झाड एक नाही, नुसती माती राखायची. जिनिंगच्या पगारपत्रकात माझं नाव होतं, काम आम्ही दोघं करायचो. फळीला गोणपाट बांधून ती ओढत ब्राऊन सारखे करायचं काम बायकोचं. ती आंजीची, बापाची भाजीची वाडी होती, वाफे सारखे करण्यात तिचा हात बसलेला. माझ्यापेक्षा तिचा ब्राऊन सपाट. मी हे तिला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

इंग्रज गेले तसे खेळणारे गेले. एक स्टेशनावरचा बाबू होता, त्याची बदली झाली. एक डॉक्टर यायचा, त्यानं मोटार घेतली आणि वर्ध्याला ब्रिज खेळायला जाऊ लागला. उरला एकटा आमचा इंजिनसाहेब, मूळचा सुरतेकडचा. जिनिंगचं वाफेचं इंजिन त्याच्या हातात होतं. वय पंचावन्नच्या पुढं, उंच, डोळ्याला जाड चष्मा, हिंदीत मिसळलेलं मराठी बोलायचा. त्याची बाई देवीच्या साथीत गेली, मूलबाळ नव्हतं. बंगल्यात खानसामा आणि तो. रविवारी सकाळी काठ्यांची पिशवी घेऊन एकटाच नऊ भोकं फिरायचा, मग पुन्हा तीच नऊ. मी लांबून पाहायचो. बोलायचा तो चेंडूशी. 

मला तेव्हा वाटायचं, साहेबलोकांना एकटं राहायला आवडत असेल. इतकी माझी अक्कल.

मग एका वर्षी, सन पन्नासनंतरची तीन-चार वर्षं गेली असतील, नागपूरच्या खेळणाऱ्या लोकांचं पत्र आलं. जानेवारीत ते दहा-बारा जण सिंदीला येऊन आमच्या मैदानावर जोड्यांचा सामना खेळणार. साहेबालाही एक जोडीदार देणार. सामना चांगला झाला तर पुढं दर महिन्याला त्यालाही नागपूरला बोलावणार. साहेबानं ते पत्र मला वाचून दाखवलं. दुसरं कोण होतं वाचून दाखवायला?

पण एक अट होती. साहेबाचा हँडिकॅप ठरवून पाठवायचा. तोही याच मैदानावरचा.

हँडिकॅप काय ते साहेबानं मला ब्राऊनच्या कडेला बसून समजावलं. आमच्या मैदानावर अठरा भोकांना, म्हणजे दोन फेऱ्यांना, पक्क्या खेळाडूला सत्तर फटके लागावेत असं जुन्या लोकांनी ठरवून ठेवलेलं. ज्याला नव्वद लागतात त्याला वीसची सूट. सामन्यात त्याच्या फटक्यांतून वीस वजा करायचे. म्हणजे कच्चा आणि पक्का एका रांगेत येतात. नागपूरला हिरवळ, आपल्याकडं भेगा, म्हणून तिकडची सूट इकडं चालत नाही. ते लोक येताना आपापल्या सुटीच्या आकड्यात आमच्या मैदानापुरते दोन-दोन वाढवून घेणार होते.

"तीन वेळा खेळायचं, तीन कार्ड पाठवायचं," साहेब म्हणाला. "पण आपलं आपण लिहायचं नाही. बाजूला चालून दुसऱ्यानं मोजायचं, त्यानंच सही करायची. तू करशील?"

"मी माळी, साहेब. माझी सही ते चालवून घेतील?"

"कागदावर माळी लिहायचं नाही. नाव लिहायचं."

मी हो म्हटलं. समजलं होतं मला सगळं, असं मला वाटलं होतं. पण डोक्यात एकच बसलं होतं की फटके कमी तो खेळाडू भारी. सूट वगैरे कानावरून गेली.

पहिल्या रविवारी निघालो. साहेबाला लांबचं दिसायचं नाही. चेंडू कुठं पडला ते मीच पुढं जाऊन शोधायचो. तिसऱ्या भोकाला चेंडू भेगेच्या तोंडाशी अडकला होता. साहेब यायच्या आत मी पायाच्या अंगठ्यानं तो वर, मोकळ्यावर काढून ठेवला. काही विचार करून नाही, पाय आपोआप गेला. साहेबाची बाई गेल्यापासून त्याचं मन मध्येच कुठं तरी जायचं, मोजणी चुकायची. ब्राऊनवर आला की विचारायचा, "कितना हुआ रे?"

लागले होते सात. मी म्हटलं, "सहा, साहेब."

"सहा? मला सात वाटला."

"सहाच. मी मोजून राह्यलो ना."

त्याचा चेहरा असा उजळला की पुढच्या भोकाला मी पुन्हा एक खाल्ला. पहिल्या कार्डात लागले त्र्याण्णव, लिहिले त्र्याऐंशी. दुसऱ्यात एक्क्याण्णव लागले, लिहिले ब्याऐंशी. तिसऱ्यात ब्याण्णव, लिहिले एक्क्याऐंशी. सह्या केल्या. साहेब म्हणाला, "आपला गेम सुधरला, माली. इतक्या वर्षांत असा कधी खेळलो नव्हतो." त्या दिवशी तो बंगल्याकडं शीळ घालत गेला. कागद नागपूरला गेले. उत्तर आलं, हँडिकॅप बारा.

मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बायको भाकरी थापत होती.

"साहेबाचे फटके मी थोडे कमीच लिहिले. बिचारा खुश झाला."

"कमी लिहिले म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. सत्तर, बारा, सूट. तिची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"अवो, थांबा. ज्याले जास्त फटके लागते त्याले सूट जास्त भेटते, असंच ना?"

"हो."

"म्हंजे खेळात ल्हान्या पोराले कच्चं लिंबू करतात तसं."

"तसंच समज."

"मंग तुमी त्याचं कच्चं लिंबूच काढून टाकलं की! त्याले पक्क्यात उभं केलं. आता त्या नागपूरवाल्यायपुढं तो मार खाईन ना बाप्पा!"

मी म्हटलं, "तुले काय समजते गोल्फातलं."

"मले नाई समजत. तुमाले समजते, म्हणून तर असं करून बसले."

भाकरी करपली. ती तिनं माझ्याच ताटात वाढली.

सामन्याला पंधरा दिवस होते. रोज सकाळी ती विचारायची, "सांगितलं का साहेबाले?" मी म्हणायचो, आज सांगतो. साहेब भेटायचा तेव्हा इतका उत्साहात असायचा की माझं तोंड उघडायचं नाही. त्यानं नवे बूट मागवले होते. नागपूरच्या लोकांसाठी खानसाम्याला काय काय करायला सांगितलं ते मला ऐकवायचा. मी घरी आलो की बायको नुसतं माझ्याकडं पाहायची. एकदा म्हणाली, "मी जाऊ का सांगाले?" मी तिच्यावर ओरडलो. माझी नोकरी जाईल म्हणालो. खरं म्हणजे नोकरीची भीती नव्हती. साहेबाचं तोंड उतरलेलं पाहायचं नव्हतं मला. उतरायचं ते उतरलंच, आणि ते मी दहा माणसांत पाहिलं.

नागपूरचे लोक दोन मोटारींतून आले. साहेबाचा जोडीदार एक ठेंगणा वकील होता, अंगात विणलेला स्वेटर, बोलायला तिखट. दोघांच्या फटक्यांतून आपापली सूट वजा करायची, उरलेल्याची बेरीज करायची, ज्या जोडीची बेरीज कमी ती जिंकली. वकिलाचे सूट जाऊन एकाहत्तर झाले. साहेबाचे झाले चौऱ्याण्णव. बारा गेले, ब्याऐंशी उरले. बेरीज एकशे त्रेपन्न. जिंकली ती जोडी एकशे पंचेचाळीसवर.

जेवणाआधी मंडळी बंगल्याच्या व्हरांड्यात हात धूत होती. मी पाणी घालत होतो. वकील दुसऱ्याला म्हणाला, "बारा म्हणे! आपल्या मैदानावर एकट्यानं खेळायचं आणि बारा लिहून पाठवायचं. एवढी शेखी कशाला?"

दुसरा हसला. "सही कोणाची होती? त्याच्या सावलीची?"

साहेब पाठीमागं टॉवेल घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं. टॉवेल त्यानं वकिलाच्या हातात दिला आणि म्हणाला, "जेवण तयार आहे." जेवणं झाली, मोटारी गेल्या. पुढच्या महिन्याला या असं कोणी म्हणालं नाही.

मी घरी गेलो. माझं तोंडच सांगत होतं. बायकोनं जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाली, "उद्या जा तुमी. नाईतर मी जाईन."

आता मला असं म्हणणारं घरात कोणी नाही. परवा वरणात दोनदा मीठ पडलं. कोणी बोललं नाही. मी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गेलो. साहेब व्हरांड्यातच खुर्चीत होता. नवे बूट पायाशी काढून ठेवलेले.

"साहेब, ते तीन कागद खोटे होते."

त्यानं वर पाहिलं नाही. "कोणते?"

"माझ्या सहीचे. मी फटके कमी लिहिले. पायानं चेंडूही सरकवले."

त्यानं एक बूट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "किती खाल्ले?"

"पहिल्यात दहा, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात अकरा."

"याद आहे तुला?"

"सगळे याद आहेत, साहेब. एक-एक."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. तीस भागिले तीन, दहा. बारा आणि दहा, बावीस. मग कालचे चौऱ्याण्णव, त्यातून बावीस, बहात्तर. वकिलाचे एकाहत्तर. बेरीज एकशे त्रेचाळीस. पेन्सिल तिथंच थांबली.

"जिंकलो होतो," तो म्हणाला.

मी उभा राहिलो.

"का केलं असं?"

"तुमी खुश व्हायचे, साहेब."

"हां," तो म्हणाला. "झालो होतो खुश." आणि चष्मा काढून पुसत राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नोकरीवरून काढलं असतं तरी चाललं असतं. थोड्या वेळानं म्हणाला, "रविवारी ये. पुन्हा तीन कार्ड. आता सात म्हणजे सात."

पुढचे तीन रविवार मी असं मोजलं की माझंच तोंड कोरडं पडायचं. चेंडू भेगेत गेला तर भेगेत. एका भोकाला अकरा लागले. "कितना?" "अकरा, साहेब." तो स्वतःवर चिडायचा, काठी आपटायचा, पण माझ्याकडं पाहून मान हलवायचा. तीन कार्डांचा हिशेब बावीसच निघाला. त्यानं पत्र लिहिलं, चूक कशी झाली ते लिहिलं. माझं नाव त्यात घातलं नाही, मोजण्यात गफलत झाली एवढंच लिहिलं. नागपूरहून दोन ओळींचं उत्तर आलं की बावीसची नोंद वहीत केली आहे.

दिवाळी गेली. थंडी पडली. साहेब रोज टपालाची वाट पाहायचा. डिसेंबरात पत्र आलं. या खेपेचा सामना नागपूरलाच होणार, हिरवळीवर. जोड्यांची नावं छापली होती. त्यात साहेबाचं नाव नव्हतं. मी समोर उभा होतो. त्यानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

माझ्या हातून त्याचं काय गेलं ते मला त्या दिवशी नीट दिसलं. तीन खोट्या सह्या, आणि माणसाला बोलवणारे लोक गेले. खरं सांगूनही ते परत आले नाहीत. खरं सांगितलं की सगळं पूर्ववत होतं असं मला वाटायचं. तसं नसतं.

साहेबानं पत्र घडी करून खिशात टाकलं. मैदानाकडं पाहत म्हणाला, "माली, तुझी सूट किती?"

"माझी? मले कुठची सूट, साहेब. मी काय खेळतो!"

"काढू ना. बावीस माझी. तुझी निघाली की दोघं बराबर."

मला वाटलं मस्करी करतो. पण रविवारी त्यानं जुनी काठी माझ्या हातात दिली. मी कुदळ मारल्यासारखा मारला, तर चेंडू जागेवर आणि मातीचं ढेकूळ वीस हात लांब. साहेब मोठ्यानं म्हणाला, "एक!" त्यानं माझा एक फटका सोडला नाही. एकशे अठ्ठावीस, एकशे पंचवीस, एकशे पंचवीस. तीन कार्डं त्यानं भरली, सही केली, बेरीज केली, तिनानं भागलं. एकशे सव्वीस. सत्तर गेले, उरले छप्पन.

"छप्पन कोणाला देत नाहीत," साहेब म्हणाला. "नागपूरवाले हसतील. पण हे मैदान आपलं आहे."

घरी सांगितलं तर बायको हसून हसून खाली बसली. "छप्पन! म्हंजे तुमी लिंबू बी नाई, नुसता मोहर!"

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी, दिवाळी ते होळी, दर रविवारी आम्ही खेळलो. बहुतेक वेळा साहेब जिंकायचा. एका रविवारी माझे एकशे तेवीस झाले होते, म्हणजे सूट जाऊन सदुसष्ट. साहेब शेवटच्या ब्राऊनवर होता. मी मोजत होतो, त्याचा हिशेब मला पाठ होता. तिथं पाच लागले तर बरोबरी, सहा लागले तर मी जिंकलो. पाचवा डब्याच्या कडेला लागून बाहेर राहिला.

"कितना?"

"सहा, साहेब. हा आत घातला की सहा."

"पक्का सहा?"

"पक्का."

त्यानं चेंडू आत लोटला, कार्डावर सहा लिहिले, आणि इंग्रजांसारखा हात पुढं केला. मी तेलकट हात धोतराला पुसून त्याच्या हातात दिला. त्याआधी कोणा साहेबानं माझा हात हातात घेतला नव्हता. हरला होता, पण मनापासून हसत होता.

पुढं जिनिंगला विजेची मोटर आली. वाफेचं इंजिन थांबलं आणि साहेबाचं काम संपलं. तो सुरतेकडं भाच्याकडं गेला. जाताना मला एक काठी आणि तीन चेंडू दिले. एक पत्र आलं, मग आलं नाही.

तो गेल्यावर एका रविवारी मी एकटा काठी घेऊन गेलो. तिसऱ्या भोकापर्यंत मोजलं. चौथ्याला किती झाले ते आठवेना. सहा म्हणावं तर सहा, आठ म्हणावं तर आठ. विचारणारं कोणी नव्हतं. परत फिरलो.

"एवढ्या लवकर?" बायको म्हणाली.

"एकट्यानं नाई जमत."

तिनं हात धुतले, लुगडं खोचलं. "चला. मी मोजतो."

"लोक पाहतील."

"पाहू द्या. तुमचे छप्पन खरे का ते मले मोजून पाहाचं आहे."

मैदानाचं गोदाम होईपर्यंत ती तीन-चार वेळा आली. माझ्या मागं दहा पावलांवर चालायची. माझी काठी हवेतच फिरली, चेंडूला लागलीच नाही, तरी ती तो फटका धरायची.

"अवं, तो लागला कुठं?"

"मारलं ना तुमी? मंग झाला. चार!"

रेल्वेच्या फाटकापाशी माणसं थांबून पाहायची. मी म्हणायचो, हळू मोज. ती आणखी मोठ्यानं मोजायची.